बंद पडलेले इंजिन कोणाचे?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीमुळे देशभरातील जैन समाजाला ठाऊक आहे. दोन पंथांच्या वादात चार दशके बंद राहिलेले तेथील मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली पुन्हा उघडले. ज्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तोही याच तालुक्यातून जातो. त्यामुळे दर्शनाला येणाऱ्या मोटारींत लाखालाखांच्या, क्वचित कोटीच्याही मोटारी असाव्यात यात नवल नाही. त्याच रस्त्याने सोयाबीनचे पोते मागे बांधून दहा-बारा वर्षांची जुनी फटफटी हाकणारा कोरडवाहू शेतकरीही जातो. धर्म, जात, उत्पन्न, मान या कशातच समान नसलेल्या या दोघांना सरकारने एका बाबतीत मात्र पूर्ण समान केले आहे. दोघांच्याही टाकीत तेच पेट्रोल पडते, पाचव्या हिश्श्याने इथेनॉल मिसळलेले.

इंजिन बिघडल्यावर मात्र ही समानता संपते. कोटीची मोटार धापा टाकू लागली की वृत्तपत्रांचे रकाने भरतात, कंपनीचे अभियंते धावतात, वकील नोटिसा काढतात, मंत्र्यांना खुलासे करावे लागतात. फटफटीचा कार्ब्युरेटर चोंदला तर तिचा मालक चौकातल्या मिस्त्रीकडे शे-दोनशे रुपये मोजतो, एका दिवसाची मजुरी बुडवतो आणि नशिबाला बोल लावतो. इंधनाच्या गुणवत्तेचा प्रश्न हा वरवर तांत्रिक प्रश्न दिसत असला, तरी मुळात तो असा आहे की देशाच्या एका धोरणाची किंमत कोण मोजतो आणि ती मोजताना कोणाचा आवाज ऐकू येतो.

रतलामचा धडा

२६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातील १९ गाड्या रतलामजवळ एकामागून एक बंद पडल्या. त्यांनी नुकतेच जेथे डिझेल भरले होते, त्या पंपावरील डिझेलमध्ये पाणी असल्याचे उघड झाले. पावसाचे पाणी साठवणटाकीत झिरपल्याचे कारण सांगण्यात आले. गाड्या ढकलाव्या लागल्या, दुसऱ्या गाड्या मागवाव्या लागल्या, अधिकारी रातोरात पंपावर पोहोचले आणि पंपाला टाळे लागले.

शासनयंत्रणा किती तत्पर असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु ताफ्यातील गाड्यांच्या आधी-नंतर त्याच पंपावर जे ट्रकवाले आणि ट्रॅक्टरवाले डिझेल भरून गेले असतील, त्यांच्यासाठी रात्री कोणीही उठले नसते. याचा अर्थ असा की पाणी तपासण्याची साधने आहेत, अधिकार आहेत, कायदेही आहेत. उणीव आहे ती एवढीच, की ती सारी यंत्रणा हलायला मुख्यमंत्र्याचे इंजिन बंद पडावे लागते.

महाराष्ट्राला या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची भेसळ करणाऱ्या टोळीने भरदिवसा जिवंत जाळले. गरिबाच्या चुलीसाठी आलेले स्वस्त रॉकेल डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळून विकण्याच्या धंद्याने एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा असा बळी घेतला. त्या रॉकेलाने खराब झालेल्या इंजिनांची मोजदाद कोणी केली नाही. इंधनातील लबाडीची सर्वांत मोठी किंमत नेहमीच अशा लोकांनी मोजली आहे, ज्यांच्यामागे अभियंतेही नव्हते आणि वकीलही नव्हते.

टाकीत नेमके काय घडते

वीस टक्के इथेनॉलच्या प्रश्नाकडे वळताना प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. या विषयावर जेवढी अतिशयोक्ती समाजमाध्यमांत झाली, तेवढीच सरकारी पत्रकांतही झाली आहे.

इथेनॉल म्हणजे मद्यार्क. लिटरमागे त्यातून मिळणारी ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. लिटरचा पाचवा भाग मद्यार्काचा असेल तर त्या लिटरमधील ऊर्जा सहा ते सात टक्क्यांनी घटते, हे साधे अंकगणित आहे. दुसरीकडे मद्यार्काचा ऑक्टेन अंक वरचा असल्याने खास त्यासाठी जुळवलेले इंजिन ही तूट काही अंशी भरून काढू शकते. जुन्या इंजिनाला ते साधत नाही. मद्यार्काचा दुसरा गुण असा की तो हवेतील पाणी ओढून घेतो. प्रमाणाबाहेर पाणी शिरले की पेट्रोल वर राहते आणि मद्यार्क व पाणी यांचा थर तळाशी बसतो. गाडी बराच काळ उभी असेल किंवा पंपाच्या साठवणटाकीतच पावसाचे पाणी उतरले असेल, तर इंजिनाला पहिला घोट मिळतो तो याच तळच्या थराचा. तिसरा गुण म्हणजे मद्यार्क काही प्रकारच्या रबराला फुगवतो व ठिसूळ करतो आणि काही धातूंना गंज आणतो. नळ्या, वॉशर, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे सुटे भाग, टाकीतला पंप, इंजेक्टर ही त्याची ठिकाणे होत.

हे सर्व तपशील नव्याने सापडलेले नाहीत. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल-मिश्रणाच्या आराखड्यातच ते नमूद आहेत. ज्या चारचाकी गाड्या निव्वळ पेट्रोलसाठी रचल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवल्या, त्यांची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल. तशाच दुचाकींची तीन ते चार टक्क्यांनी घटेल. आणि नव्या, वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची केवळ एक ते दोन टक्क्यांनी घटेल, असा अंदाज त्यात दिला होता. ग्राहकाच्या या नुकसानीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनावर करसवलत द्यावी, अशी शिफारसही त्याच आराखड्यात होती.

त्यानंतर काय झाले? वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढले गेले आणि ते गाठलेही. २०१४ साली जेमतेम दीड टक्का असलेले मिश्रण अकरा वर्षांत वीस टक्क्यांवर नेणे ही प्रशासकीय दृष्टीने लहान कामगिरी नव्हे. परंतु त्याच आराखड्यातील भरपाईची शिफारस मात्र वाटेत गळून पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला, की आराखडा तयार झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता वाहतूक व कर धरून त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते, म्हणून सवलतीला जागा उरलेली नाही. या खुलाशाचा सरळ अर्थ असा होतो, की ग्राहकाने कमी ऊर्जेचे इंधन पूर्ण दराने घ्यावे. कारण ते सरकारला महाग पडते! दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याने पाणी महागल्याची सबब सांगितली, तर ती कोणत्या गिऱ्हाइकाला पटेल?

आनंद मानण्याचे कारण नाही

येथे डाव्या आणि समाजवादी वर्तुळातील एका प्रवृत्तीचा समाचार घेणे आवश्यक आहे. आलिशान मोटारींच्या मालकांनी इथेनॉलविरुद्ध ओरड सुरू केली तेव्हा अनेक कार्यकर्त्यांनी मनातून समाधान मानले. ‘श्रीमंतांच्या मोटारी बंद पडतात तर पडू द्या, शेतकऱ्याच्या खिशात पैसा जातो आहे ना,’ असा युक्तिवाद सभांतून आणि चर्चांतून ऐकू येतो. भावना समजण्यासारखी असली, तरी तिच्यामागील अर्थशास्त्र साफ चुकीचे आहे.

देशात वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास आलिशान मोटारी विकल्या जातात. त्यांतील कित्येकांची जुळणी याच महाराष्ट्रात, चाकण आणि छत्रपती संभाजीनगर येथे होते. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे सुटे भाग वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. म्हणजे ज्याची मोटार नवी, त्याची तूट एक-दोन टक्क्यांची. ज्याला तेवढीही सोसायची नाही, त्याच्यासाठी मोठ्या शहरांत शंभर ऑक्टेनचे, इथेनॉल न मिसळलेले म्हणून ओळखले जाणारे पेट्रोल साध्या पेट्रोलच्या दीडपट दराने मिळते. थोडक्यात, श्रीमंताला धोरणातून बाहेर पडण्याची वाट पैसे टाकून विकत घेता येते. शिरपूरच्या शेतकऱ्याला ती कोणत्याही दराने मिळत नाही.

मग किंमत मोजतो कोण? केंद्र सरकारच्याच पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षासाठी २०१३ साली झालेल्या पाहणीत देशातील किरकोळ विक्रीच्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी पितात असे आढळले होते. पेट्रोलचा सर्वांत मोठा ग्राहक आलिशान मोटारीचा मालक नसून फटफटीवरचा माणूस आहे. दूधवाला, फेरीवाला, गवंडी, शिक्षणसेवक, आशा कार्यकर्तीला केंद्रावर सोडणारा तिचा नवरा, ही त्याची रूपे. रोज ४० किलोमीटर जाणारा आणि लिटरला ५० किलोमीटर ‘ॲव्हरेज’ मिळवणारा दुचाकीस्वार वर्षातले ३०० दिवस धरता २४० लिटर पेट्रोल जाळतो. नीती आयोगाच्याच अंदाजातील मधला आकडा, साडेतीन टक्के, घेतला तर त्याला त्याच अंतरासाठी आठ-नऊ लिटर जास्त लागतील. लिटरला १०५ रुपये दर धरल्यास हा बोजा वर्षाला नऊशे रुपयांच्या घरात जातो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे इथेनॉलच्या नावाने एका दुचाकीस्वाराची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी दरवर्षी कापली जाते, आणि त्यात दुरुस्तीचा खर्च धरलेलाच नाही.

ज्या करासाठी अर्थसंकल्पात तरतूद नाही, ज्याची पावती मिळत नाही आणि जो गरिबाच्या जुन्या गाडीवर जास्त तर श्रीमंताच्या नव्या गाडीवर कमी बसतो, त्याला प्रतिगामी कर म्हणतात. असा कर कोणाच्याही मोटारीचे इंजिन बंद पाडत असो वा नसो, समाजवाद्याने त्यात आनंद मानणे म्हणजे स्वतःच्याच माणसाच्या खिशाला लागलेल्या कात्रीचे कौतुक करणे होय.

या प्रतिगामी कराच्या शेजारी दुसरा एक निर्णय ठेवून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट. पण त्याच फेरबदलात मोठ्या व आलिशान मोटारींवरील उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर उतरला. पन्नास लाखांच्या मोटारीवर दोन-पाच लाखांची सूट देताना तिजोरीला ओढाताण जाणवली नाही. फटफटीच्या पेट्रोलवर लिटरमागे तीन-चार रुपयांची भरपाई देण्याचा विषय आला, तेव्हाच इथेनॉल महागल्याची आठवण झाली.

कायद्याचे संरक्षण कोणाला?

इंधनयंत्रणेतील दोष उघड झाला की काय व्हायला हवे, याचे एक उदाहरण जगापुढे आहे. डेन्सो या जपानी कंपनीच्या टाकीतल्या पंपामधील प्लास्टिकची फिरती चकती पेट्रोल शोषून फुगते, पंप अडतो आणि चालती मोटार रस्त्यातच बंद पडते, असे निष्पन्न झाल्यावर २०२० पासून अनेक देशांत लाखो गाड्या परत बोलावण्यात आल्या. टोयोटाच्या लेक्सस या आलिशान मोटारींचाही त्यांत समावेश होता. भारतातही होंडा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सदोष पंप बदलून देण्यासाठी नव्वद हजारांहून अधिक मोटारी परत बोलावल्या. पंप फुकट बदलून मिळाला आणि ग्राहकाला न्याय मिळाला.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने सक्तीने परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. पण हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत. ग्रामीण भागात धावणाऱ्या कितीतरी दुचाकी त्याहून जुन्या असतात. शहरातला पहिला मालक गाडी वापरून सोडतो आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताने खेड्यात येते. तिला वीस टक्के मद्यार्क सोसत नसेल, तर सदोष कोण? गाडी तयार झाली तेव्हाच्या नियमांना ती पूर्ण उतरली होती, म्हणून कंपनी हात झटकते. इंधन आजच्या मानकाला उतरते, म्हणून तेल कंपनीही हात झटकते. मानक बदलले ते सरकारने, आणि सरकार तर म्हणते की तक्रारच खोटी आहे. जबाबदारीच्या या तिहेरी वर्तुळात जुन्या गाडीचा मालक मधोमध उभा आहे आणि त्याच्यासाठी कायद्यात एकही कलम नाही.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय उपलब्ध असावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी, इथेनॉलविरुद्धची ओरड ही पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचे जाहीर सभांतून सांगितले. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, हे एका परीने योग्यच झाले. धोरणाचा निवाडा राजकारणातच व्हायला हवा. मात्र मंत्र्यांच्या आरोपाला उत्तर दिले पाहिजे. मोहिमेमागे कोणाचा पैसा असेल तो त्यांनी जरूर शोधावा. परंतु नीती आयोगाचा आराखडा पैसे देऊन लिहून घेतलेला नव्हता, आणि त्यातले तीन-चार टक्के व सहा-सात टक्के हे आकडे कोणत्याही तेल कंपनीच्या हस्तकाने घुसडलेले नव्हते.

‘अन्नदाता’ आणि सोयाबीनवाला

सरकारचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद शेतकऱ्याच्या नावाने केला जातो. अन्नदाता आता ऊर्जादाता झाला, असे सांगितले जाते. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. महाराष्ट्राचा इथेनॉलशी संबंध जुना आहे. २००१ साली देशातील पहिले प्रायोगिक मिश्रण ज्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कातून रोख पैसा हाती येऊ लागल्याने साखर कारखान्यांची उसाची देणी लवकर फिटू लागली, आणि खनिज तेलाच्या आयातीवरील परकीय चलनही वाचले. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ‘शेतकरी’ नावाचा एकच एक वर्ग अस्तित्वात नाही, हे समाजवादी चळवळीने कितीतरी वर्षे सांगितले आहे. पश्चिम महाराष्ट्रातला पाण्याखालचा ऊस आणि वाशीम जिल्ह्यातले पावसावरचे सोयाबीन यांचे अर्थशास्त्र एक नाही. इथेनॉलच्या बाबतीत तर दोघांचे हितसंबंध थेट एकमेकांवर आदळतात. ते कसे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याची चर्चा फार थोडी झाली आहे.

अलीकडे इथेनॉल केवळ मळीपासून होत नाही. त्याचा मोठा हिस्सा मका आणि तांदूळ यांपासून तयार होतो. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा सर्वांत वरचा भाव ठरवून दिला गेला. परिणामी मक्याची मागणी इतकी वाढली, की पूर्वी मका निर्यात करणारा देश २०२४ साली आयातदार बनला. शिवाय २०२४-२५ मध्ये अन्न महामंडळाच्या कोठारातील ५२ लाख टन तांदूळ क्विंटलला २,२५० रुपये दराने मद्यार्कासाठी देण्याची मुभा मिळाली. हाच तांदूळ महामंडळाला सारा खर्च धरता क्विंटलला चार हजारांच्या आसपास पडतो. एका क्विंटलपासून सुमारे ४५ लिटर इथेनॉल होते, असे धरले तर अशा प्रत्येक लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अन्न-अनुदान दडलेले आहे. साठा पडून सडला असता, असे यावर उत्तर मिळते. पण साठा खरोखरच अतिरिक्त असेल, तर मोटारीची टाकी भरण्याआधी शिधापत्रिकेवरचे धान्य वाढवण्याचा विचार का होत नाही?

आता सोयाबीनकडे वळू. मका किंवा तांदूळ यांतून मद्यार्क काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, त्याला व्यापारी भाषेत डीडीजीएस म्हणतात. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात तो सोयापेंडीऐवजी चालतो आणि स्वस्तही पडतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल असते सुमारे अठरा टक्के. बाकी बहुतांश पेंडच. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, पेंडीच्या भावावर उभा असतो. जितके इथेनॉल वाढते, तितका चोथा वाढतो. चोथ्याने पेंडीचा बाजार खाल्ला की त्याचा फटका वाशीम, रिसोड, मालेगावच्या बाजार समित्यांत पोते उलगडून बसलेल्या माणसाला बसतो.

भाव पडण्याचे हे एकमेव कारण नव्हे. जगात सोयाबीनचे पीक मुबलक होते, खाद्यतेलाची आयात प्रचंड होती, आणि आयातशुल्काचे धोरणही हेलकावे खात होते. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वीस टक्के केले आणि मे २०२५ अखेर पुन्हा दहा टक्क्यांवर आणले. तरीही या सर्व कारणांत सरकारने स्वतःच्या हाताने निर्माण केलेले नवे कारण हे मद्यार्काच्या चोथ्याचेच होय. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि विदर्भातील बाजारांत व्यवहार त्याच्या पाच-सातशे रुपये खाली होत होते. त्याच नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडी सोयाबीनला सहा हजार रुपयांचे आश्वासन देत मते मागत होती! पाच एकरांत पंचवीस क्विंटल पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे, क्विंटलमागे केवळ पाचशेची तूट धरली तरी, साडेबारा हजार रुपये बुडाले.

शिरपूरचा शेतकरी असा दोनदा नागवला जातो. फटफटीत पेट्रोल भरताना ग्राहक म्हणून, आणि सोयाबीन विकताना उत्पादक म्हणून. ज्या नीती आयोगाने इथेनॉलचा आराखडा आखला, त्याच आयोगाने २०१८ साली वाशीमची निवड देशातील ‘आकांक्षित’ म्हणजे, साध्या भाषेत, मागास जिल्ह्यांत केली होती. एका हाताने मागासलेपण दूर करण्याची योजना आणि दुसऱ्या हाताने त्या जिल्ह्याच्या मुख्य पिकाचा भाव पाडणारे धोरण, असा हा कारभार आहे.

जग काय करते?

इथेनॉल म्हटले की ब्राझीलचे नाव घेण्याची प्रथा आहे. ते अवश्य घ्यावे, पण पूर्ण घ्यावे. ब्राझीलने १९७५ साली, तेलाच्या पहिल्या भाववाढीनंतर, हा कार्यक्रम हाती घेतला आणि तीस टक्के मिश्रणापर्यंत पोहोचायला अर्धे शतक घेतले. २००३ पासून तेथे कोणतेही मिश्रण पिऊ शकणारी इंजिने विकली जातात. पंपावर मिश्रित पेट्रोल वेगळे आणि निव्वळ इथेनॉल वेगळ्या दराने मिळते. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, हा हिशेब तेथील सामान्य वाहनचालकाला तोंडपाठ आहे, कारण निवड त्याच्या हाती आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण सर्वत्र आणले तेव्हाही जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल शिल्लक ठेवले. भारतात पाच वर्षे अलीकडे ओढलेले उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत ग्राहकाची निवड हीच पहिली बळी गेली.

मागण्या कोणत्या?

म्हणून या प्रश्नावर समाजवादी कार्यकर्त्यांनी आलिशान मोटारींच्या मालकांमागे फरफटत जाऊ नये, तसेच त्यांची टर उडवून स्वस्थही बसू नये. लढा स्वतःच्या मुद्द्यांवर उभा केला पाहिजे.

पहिली मागणी ही की इंधनाचा दर त्यातील ऊर्जेच्या प्रमाणात असावा. ऊर्जा सहा टक्क्यांनी कमी तर दरही त्या मानाने कमी, ही साध्या मापातल्या प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. नीती आयोगाची करसवलतीची शिफारस अमलात आणावी आणि तिची सुरुवात दुचाकींपासून करावी. दुसरी मागणी, जुनी वाहने रस्त्यावर आहेत तोवर दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचे पेट्रोल प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर साध्या दराने मिळावे, आणि प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत ठळक लिहिलेले असावे. तिसरी, साठवणटाकीतील पाण्याची तपासणी पावसाळ्यात रोज व्हावी, तिची नोंद ग्राहकाला पाहायला मिळावी, आणि दूषित इंधनाने बिघडलेल्या वाहनाची भरपाई सात वर्षांची अट न घालता पंपचालक व तेल कंपनी यांनी द्यावी. चौथी, धान्यापासूनच्या इथेनॉलचे प्रमाण ठरवताना त्याच्या चोथ्याचा सोयाबीनवर होणारा परिणाम विचारात घेणे सक्तीचे व्हावे आणि भाव हमीभावाखाली जाईल तेथे सरकारने खरेदी करावी. पाचवी, आलिशान मोटारींवरील कराचा बोजा जेवढा उतरवला तेवढा पुन्हा चढवावा आणि ती रक्कम या भरपाईकडे वळवावी.

यांपैकी एकही मागणी इथेनॉलच्या विरोधात नाही. परकीय चलन वाचले पाहिजे, धूर कमी झाला पाहिजे, उसाची देणी वेळेवर फिटली पाहिजेत. परंतु राष्ट्राच्या बचतीचा खर्च राष्ट्रातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या टाकीतून आणि पोत्यातून वसूल करणे याला नियोजन म्हणत नाहीत.

शिरपूर जैनच्या मंदिरातील मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी उभी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेच्या क्षेत्रात ते शोभून दिसते. अर्थकारणात मात्र काहीही अधांतरी उभे राहत नाही. विक्रमी मिश्रणाचा प्रत्येक आकडा कोणाच्या तरी पाठीवर टेकलेला असतो. ती पाठ कोणाची आहे हे गावोगाव, पंपापंपावर आणि बाजार समितीच्या प्रत्येक ओट्यावर जाऊन सांगणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मुख्यमंत्र्याचा ताफा पुन्हा बंद पडण्याची वाट पाहत बसणे हे नव्हे.